न पडलेला बर्फ

नोएडा, सेक्टर १५
९ नोव्हेंबर १९८६

प्रिय श्रीरंग,

दिवाळी झाली. भाऊबीजेला याही वर्षी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. फटाक्यांच्या धुरात तो नखाएवढा चंद्र सापडायलाच वेळ लागला. प्रभा म्हणाली, "मम्मी, मामाला फोटोत ओवाळ ना, सीधी बात आहे." तुझी भाची आता अशीच मराठी बोलते, हसू नकोस.

सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून इथे आलो त्याला आता वर्ष होईल. घर स्वतःचं, पण आजूबाजूला अजून शेतंच आहेत आणि पलीकडे यमुना, त्यामुळे थंडी दिल्लीपेक्षा जास्त. ह्यांची आणि माझी चार्टर्ड बस सकाळी लवकर निघते, प्रभा कॉलेजात, म्हणजे आई दिवसभर एकटी. कान आता जवळजवळ गेलेच. शेजारच्यांकडे तुझा फोन आला की ती रिसीव्हर धरून नुसती "बरा आहेस ना, बरा आहेस ना" म्हणत राहते आणि तू काय बोललास ते तिला कळत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू. तेव्हा तुझं पत्र मी तिच्या कानाशी बसून मोठ्याने वाचते. तेवढीच तिची तुझ्याशी भेट.

आता कामाचं. बाबा इतकी वर्षं दर चौदा जानेवारीला महाराष्ट्र मंडळाची बस घेऊन पानिपतला काला अंबला, मराठ्यांच्या स्मारकाशी जायचे, हे तुला सांगायला नको. लहानपणी आपण दोघं त्या बसमध्ये मागच्या सीटवर तिळाचे लाडू चोरून खायचो. बाबा गेल्यापासून आई गेलेली नाही. "श्रीरंग आला की जाऊ," म्हणते. बाबा गेले तेव्हा तुमच्याकडे रस्ते बंद होते, विमानतळ बंद होता, तू फोनवर लहान पोरासारखा रडत होतास. तेव्हा कोणी तुला बोल लावला नाही, आजही लावत नाही. पण त्याला दोन वर्षं होत आली, यार. या संक्रांतीला ये. अरुणाला तिच्या शाळेतल्या नोकरीतून सुट्टी नसेल तर बायकोला तिथे ठेवून एकटा ये. गुरांच्या डॉक्टरला गुरं पंधरा दिवस रजा देतीलच की.

आई आशीर्वाद सांगते. तिने रजई भरून घेतली आहे, तुझ्यासाठीही एक.

तुझी,
ताई

*

टॅल्बट काउंटी, आयोवा
२८ नोव्हेंबर १९८६

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. आईसाठी भरलेल्या रजईबद्दल वाचून इथेच ऊब आली. पण ताई, संक्रांतीचं या वर्षी कठीण दिसतं.

हे पत्र आईला वाचून दाखव, म्हणजे तिला कळेल. यंदा हिवाळा फार लवकर आला. नोव्हेंबर संपायच्या आतच गुडघाभर बर्फ. पारा शून्याखाली अठ्ठावीस, आणि वारा सुटला की त्याच्याही खाली. आमच्याकडे डोंगर नाही, झाड नाही, कॅनडापासून वारा जो सुटतो तो थेट आमच्या दारावर येऊन आपटतो. बाहेर पडलं की पापण्या एकमेकींना चिकटतात. गुरांचं पाणी सकाळी कुऱ्हाडीने फोडावं लागतं. घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधलेला असतो, तो धरूनच जायचं. दोर सुटला तर माणूस स्वतःच्या अंगणात हरवतो. पलीकडच्या शेतातल्या म्हाताऱ्याची दोन बोटं अशीच गेली. आणि नेमकी याच दिवसांत गाई वितात. वासरू जमिनीवर पडलं की मिनिटभरात त्याचे कान गोठतात, म्हणून मी माझा कोट काढून त्याच्यावर घालतो. असं सगळं चालू असताना सोडून कसा येऊ?

एप्रिलमध्ये बघतो. तोपर्यंत इथलं थोडं निवळेल.

आईला म्हणावं काळजी करू नकोस, हाल असतात पण सवय झाली आहे. दिनकररावांना नमस्कार. प्रभाला म्हणावं मामा फोटोतला नाही, खरा आहे.

तुझा,
श्रीरंग

*

नोएडा
२० डिसेंबर १९८६

प्रिय श्रीरंग,

तुझं पत्र आईला तीनदा वाचून दाखवावं लागलं. पहिल्यांदा नुसतं ऐकलं. दुसऱ्यांदा दोराशी थांबवलं, "कुठून कुठपर्यंत दोर?" म्हणून विचारलं. तिसऱ्यांदा शून्याखाली म्हणजे काय ते प्रभाकडून समजून घेतलं. प्रभाने तिला सांगितलं की आपल्या फ्रिजच्या बर्फाच्या खान्यापेक्षाही थंड. तेव्हापासून ती फ्रिज उघडला की बर्फाच्या खान्यात हात घालून थोडा वेळ उभी राहते. मी ओरडले तर म्हणाली, "बघते गं नुसतं."

येत नाहीस हे कळल्यावर वाईट वाटलं, पण बर्फापुढे कोणाचं काय चालणार. आई एवढंच म्हणाली, "त्याला म्हणावं कोट वासराला घालू नकोस. गाईला तिचं तिला सांभाळू दे."

इथेही थंडी पडली आहे. आज धुकं इतकं की बस दिसत नव्हती, नुसता हॉर्न ऐकून आम्ही चढलो. आईची तब्येत बरी आहे, खोकला थोडा आहे, दर वर्षी असतो. विसराळूपणा मात्र वाढलाय. नवीन रजई रोज उन्हात टाकते आणि संध्याकाळी पांघरायची विसरते. सकाळी बघावं तर अंगावर आपली ती जुनी सोलापुरी चादर. हीटर लावून जावं तर आल्यावर बंद. "अगं आई, विजेचं बिल आम्ही भरतो ना," म्हटलं तर "मला गरम होतं" म्हणते. प्रभाला मी म्हटलं, आजीला हुडहुडी भरेल. तिला हुडहुडी म्हणजे काय तेच माहीत नाही. म्हणते, "कपकपी म्हण ना."

म्हातारपण म्हणायचं, दुसरं काय. तू लिहीत जा. तुझं पत्र आलं नाही की ती फाटकाशी उभी राहते.

ताई

*

टॅल्बट काउंटी
५ जानेवारी १९८७

प्रिय ताई,

उशीर झाला. नाताळात मोठं वादळ येऊन गेलं. टपालाची गाडी चार दिवस आलीच नाही. दाराबाहेर बर्फ खिडकीएवढा, फावड्याने वाट काढून गोठ्यात जावं लागलं. माझे हात फुटलेत, म्हणून अक्षर असं. आईला सांग, मी ठीक आहे, आणि संक्रांतीला माझ्या वाटचा तिळगूळ काला अंबला ठेव.

सोबत आईसाठी एक फोटो. नवीन पिकअप घेतली आहे, तिच्यासमोर मी आणि आमचा कुत्रा. अरुणाने काढला.

तुझा,
श्रीरंग

*

नोएडा
२२ जानेवारी १९८७

श्रीरंग,

फोटो मिळाला. आईला दाखवलेला नाही. माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवला आहे.

तू स्वतः तो फोटो नीट बघितला होतास का पाठवण्याआधी? पिकअप छान आहे. कुत्राही छान आहे. तू अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आहेस. तुझ्या मागे शेत आहे, त्यात बर्फाचा कणही नाही, चाकांना चिखल लागलेला आहे. मागच्या बाजूला तुझ्याच अक्षरात लिहिलंय, "नाताळ १९८६". त्याच नाताळात खिडकीएवढा बर्फ होता ना?

मी तुझ्यावर चिडले असते आणि सोडून दिलं असतं. न यायची कारणं माणसं देतात, मीही ऑफिसात देते. पण आता पुढचं वाच.

आई विसराळू झालेली नाही. सोळा तारखेला धुक्यामुळे आमची बस निघालीच नाही, मी दुपारी घरी परत आले. आई अंथरुणात होती, ती चादर अंगावर घेऊन, गुडघे पोटाशी. दातावर दात वाजत होते. रजई पलंगाखाली. मी ओढून काढली तर खोळीला एक सुरकुतीसुद्धा पडलेली नव्हती. नोव्हेंबरात भरून घेतलेली रजई तिने एकदाही अंगावर घेतलेली नाही. मी ओरडून, अक्षरशः तिच्या कानात ओरडून विचारलं, का? तेव्हा म्हणाली, "पोर तिकडे बर्फात दोर धरून चालतंय. स्वतःचा कोट वासराला घालतंय. मी इथे कापसात गुंडाळून कशी पडू? तो घरी येईपर्यंत मी ऊब सोडली आहे." जशी ती आपल्या परीक्षांच्या वेळी चहा सोडायची तशी. तेव्हा आपण हसायचो.

चौदा तारखेला आम्ही काला अंबला गेलो होतो. "श्रीरंगाचा तिळगूळ ठेवायचा आहे" म्हणून तिनेच हट्ट धरला. तिळगुळाचं तुझं पत्र तेव्हा आलेलंही नव्हतं, ते तिच्याच मनाने. पानिपतला सकाळी दहा हात पुढचं दिसत नव्हतं. पुण्याहून दोन बस आल्या होत्या, त्या बायका स्वेटरवर शाल, शालीवर मफलर. आणि आपली आई सुती पातळात. शाल बसमध्ये ठेवून उतरली. मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "आई, नाटकं करू नकोस, लोक आम्हाला नावं ठेवतील." हो, मी असं म्हणाले. ती त्या स्मारकाशी उभी राहून म्हणाली, "ती माणसंही अशीच आली होती गं, पातळ कपड्यांत." मग तिळगूळ ठेवला आणि तुझं नाव घेतलं. त्याच रात्री ताप आला. अजून आहे.

सगळं तुझ्या माथी मारत नाही. तुझं पत्र उशिरा आलं की मीच तिला सांगायचे, "तिकडे बर्फ पडला असेल, टपाल बंद असेल." तू पाडलेल्या बर्फात मीही भर घातली आहे. मला ते सोपं होतं.

आता एकच कर. आजच्या आज तिला लिही की थंडी संपली. खरं लिही. तुझ्याकडे खरंच उबदार आहे, तर खरं लिहायला काय जातं?

अलका

*

टॅल्बट काउंटी
३ फेब्रुवारी १९८७

ताई,

आईचं पत्र वेगळं, याच पाकिटात आहे. ते तिला दे. हे तुझ्यासाठी.

तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे. यंदा इथे हिवाळा आलाच नाही म्हटलं तरी चालेल. म्हातारे शेतकरी सांगतात, असा हिवाळा त्यांनी पाहिला नाही. बर्फ पडतो आणि दुपारपर्यंत वितळतो. सगळा चिखल. गाईंच्या खुरांना जखमा होतात, एवढाच यंदाचा त्रास. आणि घरात तर आम्ही बनियनवर असतो, ताई. दोराची गोष्ट खरी आहे, पण ती पन्नास वर्षांपूर्वीची, त्या म्हाताऱ्याने सांगितलेली. बोटंही त्याची तेव्हाच गेली. माझ्या गोठ्यात वीज आहे, दिवे आहेत, वासरांसाठी गरम दिवा आहे. कोट मी कधीच कोणाला घातला नाही.

अरुणाने माझं पहिलं पत्र टाकण्याआधी वाचलं होतं. म्हणाली, "हा कुठला बर्फ?" मी म्हणालो, आईला असं वाचायला आवडतं.

का, ते सांगतो. बाबांच्या वेळचा बर्फ खरा होता, हे तुला माहीत आहे. तेव्हा तुम्ही कोणी एका शब्दाने मला विचारलं नाहीत. अग्नी तू दिलास, आणि फोनवर मलाच म्हणालीस, "तू जेवलास का?" कोणी भांडलं असतं तर मी पुढच्या विमानाने आलो असतो. ते झालं नाही, आणि मग घरात पाऊल टाकायचा धीरच होईना. आईसमोर बसायचं, बाबांची जागा रिकामी, आणि तिने म्हणायचं "बर्फापुढे तू काय करणार". त्यापेक्षा दर वर्षी थोडा बर्फ लिहिणं सोपं गेलं. मला वाटलं, त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

तिच्या अंगावरून रजई मी काढली. ताप उतरला का, लगेच कळव.

श्रीरंग

[सोबत]

प्रिय आई,

नमस्कार. इथली थंडी गेली. आज दुपारी ऊन होतं, मी स्वेटरशिवाय गोठ्यात गेलो. बर्फ नाही. घरात हीटर आहे, गरम पाणी आहे. माझे हात अगदी ठीक आहेत. तू रजई घे, हीटर लाव, माझी शपथ आहे. हे अगदी खरं लिहितो आहे.

तुझा श्री

*

नोएडा
१६ फेब्रुवारी १९८७

श्रीरंग,

पत्र वाचून दाखवलं. ऐकून ती हसली. मला म्हणाली, "ऐकलंस? फेब्रुवारीत स्वेटरशिवाय. तू त्याला माझ्या तापाचं कळवलंस ना? म्हणून लेकरू मला बरं वाटावं असं लिहितंय. लहानपणी पडून आला की असंच, 'कुठे लागलंय' म्हणायचा आणि गुडघा लपवायचा." मग म्हणाली, "बर्फ जास्त पडलेला दिसतोय."

दुसऱ्या दिवसापासून पायातले मोजे काढले. गरम पाण्याने अंघोळ बंद. मी आणि ह्यांनी जबरदस्तीने रजई घातली की ती आमच्या देखत घेते आणि आम्ही खोलीबाहेर पडलो की काढते. प्रभाने रडून बघितलं. तिच्या देखत एक दिवस पूर्ण घेतली, नातीचं मन मोडवेना म्हणून.

शनिवारी श्वास लागला. न्यूमोनिया आहे. दवाखान्यात ठेवलं आहे, ऑक्सिजन लावला आहे. डॉक्टर म्हणतात वय आहे, बघू. परवा तुला तार केली, ती मिळालीच असेल.

मी फोटो दाखवायला निघाले होते. पर्समध्ये घातला होता. दवाखान्याच्या दारापर्यंत नेला आणि परत आणला. श्वास जड झालेल्या बाईला "तुझा मुलगा खोटं लिहीत होता" हे सांगायची माझी हिंमत नाही. आणि "मीही" हे तर त्याहून नाही.

आता तू लिहिलेलं काहीही ती मानणार नाही. पत्र पाठवू नकोस. तू ये. तुझा हात गरम आहे हे तिला तुझा हात धरूनच कळेल.

ताई

*

टॅल्बट काउंटी
२० मार्च १९८७

प्रिय ताई,

काल इकडे परत पोचलो. विमानात काहीच खाल्लं नाही, तू बांधून दिलेल्या पोळ्या इथे येऊन खाल्ल्या.

तुझ्याशी तिथे नीट बोलता आलं नाही. तू बोलायला यायचीस आणि मी काहीतरी काम काढून बाहेर जायचो, औषध आण, संत्री आण. तुला कळत होतं, मला माहीत आहे.

मी पहिल्या दिवशी दवाखान्यात गेलो तेव्हा तू प्रभाला आणायला खाली गेली होतीस. आईने आधी माझे हात घेतले. मला वाटलं जवळ घेते आहे. ती माझी बोटं बघत होती, ताई. एकेक करून, दोन्ही हातांची. मग कान बघितले. मग म्हणाली, "सगळी आहेत." शेजारच्या खाटेवरच्या त्या पंजाबी बाईंना सांगितलं, "मेरा बेटा बरफ में से आया है." त्या बाईंनी मला हात जोडले. आणि मी त्यांना उलट हात जोडले.

तेव्हा सांगायला हवं होतं. नंतरही रोज सांगायला हवं होतं. तिला घरी आणल्यावर मी रजई घातली आणि तिने मुकाट्याने घेतली, गळ्यापर्यंत ओढून झोपली. ते बघून मला वाटलं, झालं, आता कशाला. निघायच्या दिवशी मी तोंड उघडलं होतं. "आई, तिकडच्या थंडीबद्दल" एवढं तिच्या कानाशी मोठ्याने म्हणालो. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "नको आठवूस. फार सोसलंस." मी तो हात बाजूला करू शकलो असतो. केला नाही.

आज इथे खरा बर्फ पडतो आहे. मार्चमध्ये पडतो कधीकधी. मी आईला तसं लिहिणार नाही, तूही सांगू नकोस.

तिचं वजन किती भरलं ते कळव. तो फोटो फाडून टाकलास तरी चालेल.

श्रीरंग

*

नोएडा
१३ एप्रिल १९८७

माझ्या श्रीरंगास आईचे खूप आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. प्रभाने जाड शाईचं पेन आणून दिलं, त्याने मला माझं अक्षर दिसतं. अलका ऑफिसला गेली आहे. तिने वाचलं तर मध्ये बोलेल, म्हणून प्रभाच पेटीत टाकेल.

मी आता चांगली आहे. जेवते. जिना चढून गच्चीवर जाते. तू येऊन गेलास, माझं सगळं भरून पावलं. तू घातलेली रजई मी थंडी संपेपर्यंत घेतली, शब्द मोडला नाही.

आता इकडे उन्हाळा लागला. गव्हाची कापणी झाली, तिथून तापलेला वारा येतो. मे महिन्यात लू सुटेल. दिनकररावांनी माझ्या खोलीत कूलर बसवला आहे, छतालाही नवा पंखा आहे. अजून लावला नाही. तुझ्याकडे हिवाळा इतका कडक म्हणजे उन्हाळाही तसाच असणार. तुला भर उन्हात शेताशेतातून गुरं बघत फिरावं लागत असेल. सावलीला झाड नाही असं तूच लिहिलं होतंस. तर तिकडे ऊन किती असतं ते मला लिही. त्याप्रमाणे मी पंखा लावीन.

पण बाळ, खरं लिही. मागे फेब्रुवारीत लिहिलंस तसं माझ्या समाधानासाठी कमी करून लिहू नकोस. मी आई आहे, मला कळतं.

अरुणाला आशीर्वाद.

तुझी आई

*

टॅल्बट काउंटी
३० एप्रिल १९८७

प्रिय आई,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर इतक्या वर्षांनी पाहिलं.

हे पत्र ताई तुला वाचून दाखवेल. ताई, मध्ये थांबू नकोस आणि एक ओळही गाळू नकोस. हे सगळं मी माझ्या मनाने लिहितो आहे, यात तुझ्यावर काही बोल येत नाही.

आई, तू खरं लिहायला सांगितलंस. फेब्रुवारीत मी जे लिहिलं होतं तेच खरं होतं. त्याच्या आधीचं खोटं होतं. या हिवाळ्यात इथे बर्फ फारसा पडलाच नाही. दोर नव्हता. कोणाची बोटं गेली नाहीत, माझे हात फुटले नाहीत, मी कोट कोणाला घातला नाही. मी गरम घरात बसून तुला थंडीची पत्रं लिहीत होतो. यायला लागू नये म्हणून लिहीत होतो. बाबांच्या वेळी आलो नाही, त्यानंतर तुझ्यासमोर बसायची मला लाज वाटत होती. ती लाज मी बर्फ म्हणून लिहिली आणि तू तिच्यासाठी रजई सोडलीस. तू माझी बोटं बघत होतीस तेव्हा मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसलो. मी काही सोसलेलं नाही. सोसलंस ते तू.

माझ्या पत्रावर तुझा विश्वास बसणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून एक फोटो ठेवला आहे, मुद्दाम मोठा छापून घेतला आहे. हा गेल्या नाताळातला आहे, भर हिवाळ्यातला. उजेडात धर, भिंग घे, प्रभाला विचार. माझ्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट आहे. मागचं शेत बघ. चाकांचा चिखल बघ.

आता उन्हाळ्याचं. जुलैमध्ये इथे ऊन असतं, मक्याच्या शेतातून वाफ येते, अंग चिकचिकतं. दिल्लीइतकं नाही, तरी असतं. पण माझ्या गाडीत गार हवा आहे, घरात गार हवा आहे. इथे गाईंच्या गोठ्यातसुद्धा मोठे पंखे असतात.

मी येतो असं या पत्रात लिहीत नाही. तिकीट काढलं की तारीख लिहीन.

रागावलीस तर रागाव. हवं तर मला पत्र पाठवू नकोस, माझं नाव काढू नकोस. फक्त फोटो बघून झाला की पंखा लाव.

तुझा,
श्रीरंग